‘कोन म्हन्लं?’ : परभणी जिल्ह्यातील गटसंवादाची भाषा

परभणी जिल्ह्यात पावसाची बातमी दोन मराठींत येते. एक मराठी अशी : ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे.’ दुसरी अशी : ‘आमच्याकडं पाऊस यायलाय. तुमच्याकडं हाय का?’ ही दोन्ही वाक्ये हल्ली मोबाइलवरच्या एकाच गटात, एकाखाली एक वाचायला मिळतात. पहिल्या वाक्याला फार तर अंगठा मिळतो. दुसऱ्याला उत्तरे मिळतात : ‘इकडं नुसतं आभाळ’, ‘पूर्णेला चालू झाला’, ‘कशाचा येतो गड्या, कोरडंच हाय’. पाच-दहा मिनिटांत सगळ्या तालुक्याच्या आभाळाचा अंदाज येतो, आणि तो कुणा एकट्याने सांगितलेला नसतो.

पहिले वाक्य निर्दोष आहे, पण त्याला उत्तर देण्याची सोय नाही. दुसरे वाक्य शाळेच्या वहीत चुकीचे ठरेल, पण ते उच्चारलेच आहे उत्तर मिळावे म्हणून. व्हॉट्सॲपवरच्या मराठीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात हा फरक फारसा लक्षात घेतलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात परभणीतल्या गटसंवादाच्या आधारे मी एक विधान मांडणार आहे. ऑनलाइन सामाजिक व्यवहार भाषेच्या अंगाने अभ्यासायचा असेल तर सुटा शब्द किंवा सुटे वाक्य हे एकक पुरत नाही. संदेश आणि त्याला मिळालेले किंवा न मिळालेले उत्तर अशी जोडी घ्यावी लागते. ती घेतली की या जिल्ह्यातली बोली प्रमाणभाषेची बिघडलेली प्रत वाटेनाशी होते. बोलणाऱ्याला त्याच्या बोलण्याबद्दल जबाबदार धरण्याचे ते एक साधन आहे, असे दिसू लागते. हे साधन असणे-नसणे कधी कधी माणसाच्या जिवाशी येऊन भिडते, म्हणून हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा राहत नाही.

दोन प्रचलित दृष्टी

या विषयावरचे आपले लेखन ढोबळमानाने दोन दृष्टींचे आहे. पहिली शुद्धिवाद्यांची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, रोमन लिपीतली मराठी, दोन-तीन अक्षरांत उरकलेली श्रद्धांजली यांची यादी करायची आणि भाषा संपत आल्याचा निष्कर्ष काढायचा, ही तिची रीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद रास्त आहे. परंतु अभिजाततेचे पुरावे ताम्रपटांत आणि शिलालेखांत शोधणारा आपला अभ्यासक ‘पाऊस यायलाय’ हे रूप पाहिले की अभ्यासक राहत नाही, परीक्षक होतो. वास्तविक हे रूप मराठवाड्याच्या मोठ्या भागात चालू वर्तमानकाळ दाखवते. प्रमाण मराठीत ‘यायला’ हेतू सांगते (‘पाऊस यायला हवा’), इथे ते चालू क्रिया सांगते. ‘काय करायलास?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’ हा नियम आहे, आणि नियम असलेल्या गोष्टीला चूक म्हणता येत नाही.

दुसरी दृष्टी मोजणाऱ्यांची. संगणकाला मराठी शिकवण्याचे मोलाचे काम आज होत आहे. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विटांचा संच तयार करून प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण केली. या कामामुळे मराठीचे यांत्रिक विश्लेषण शक्य झाले, हे मान्यच करायला हवे. पण पद्धतीची मर्यादाही मान्य करावी लागते. ट्विट हे बहुधा चारचौघांसमोर केलेले निवेदन असते आणि इथे त्याला सुटे उचलून तपासले जाते. परभणीतला ‘हौ का?’ हा दोन शब्दांचा संदेश या तीन खणांपैकी कोणत्या खणात टाकायचा? मुलीचे लग्न ठरल्याच्या बातमीखाली तो आनंद आहे. सरपंचाने केलेल्या कामांच्या यादीखाली तो उपहास आहे. बांधाच्या भांडणात तो इशारा आहे. अर्थ शब्दांत नाही, तो कुणाच्या कोणत्या बोलण्याखाली आला यात आहे.

या अडचणीवर जगात विचार झालेला आहे. डेव्हिड क्रिस्टल यांनी २००१ साली ‘लँग्वेज अँड द इंटरनेट’ या पुस्तकात नेटवरची भाषा ही बोलणे आणि लिहिणे या दोहोंहून वेगळे, तिसरे माध्यम असल्याचे मांडले. अमेरिकेतील सुसान हेरिंग यांनी पुढे जाऊन पद्धत घालून दिली : रचना, अर्थ, आंतरक्रिया आणि सामाजिक वर्तन या पातळ्यांवर संवाद तपासायचा. त्यांनी १९९९ मध्येच दाखवले होते, की टंकलिखित संवादात प्रश्न आणि त्याचे उत्तर यांच्यामध्ये इतरांचे बोलणे घुसते आणि सुसंगती तुटते. आमच्या गटांत ही तुटलेली सुसंगती जोडायची एक देशी रीत आहे. ठरावीक संदेश ओढून त्याला उत्तर देण्याची सोय फोनमध्ये असली, तरी वयस्क मंडळी ती क्वचित वापरतात. ती हाक मारतात : ‘बापू, ते कापसाचं इचारलं व्हतं तुमी, त्याचं असंय.’ हाकेतून माणूस सापडतो, विषय सापडतो आणि नात्याची पायरीही कळते. पारावरच्या बोलण्यातली रीत इथे जशीच्या तशी उतरली आहे.

सामग्रीविषयी

मी परभणीत राहतो आणि जिल्ह्यातल्या काही गटांचा सदस्य आहे : एक भावकीचा, एक गावाचा, एक शेतीचा, एक जुन्या वर्गमित्रांचा. निरीक्षणे तिथली आहेत. मात्र या लेखातली बोलीतली वाक्ये मी नमुन्यादाखल रचली आहेत. ती कुणाच्या फोनमधून उचललेली नाहीत. गट म्हणजे सभा नव्हे. ओसरीवर बसून केलेले बोलणे कुणी छापील पानावर नेऊन ठेवावे, अशी बोलणाऱ्याची अपेक्षा नसते. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला, पण कायदा नसता तरी हे पथ्य पाळावेच लागले असते. ज्या अभ्यासाचा विषय विश्वास आहे त्याने विश्वास मोडून सामग्री गोळा करू नये.

‘न’ आणि ‘ण’

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेट खेड्यापर्यंत आले. त्यानंतरच्या काळात या जिल्ह्यात जी गोष्ट घडली तिची नोंद वाङ्मयाच्या इतिहासानेही घ्यायला हवी. ज्यांनी शाळा सुटल्यावर सही आणि अर्ज यांपलीकडे काही लिहिले नव्हते अशी हजारो माणसे रोज लिहू लागली.

ती कोणत्या लिपीत लिहितात, हा प्रश्न दिसतो तितका तांत्रिक नाही. पुष्कळ जण रोमन लिपीत लिहितात आणि त्यामागे इंग्रजीचे आकर्षण असल्याचा आरोप होतो. मला त्यात दुसरे कारण दिसते. ‘पाणी’ की ‘पानी’, ‘आणि’ की ‘आनि’ या एका अक्षरावरून मराठी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसाची जात, गाव आणि शिक्षण ओळखले आहे, त्यावरून हसले आहे. रोमन लिपीत ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच अक्षर आहे. ‘ल’ आणि ‘ळ’ यांनाही एकच. तिथे लिहिणारा उघडा पडत नाही. देवनागरी लिहिणाऱ्याची परीक्षा प्रत्येक ओळीत होते. शिवाय कळफलकावरची सूचनापट्टी ‘पानी’ लिहिणाऱ्यापुढे ‘पाणी’ धरते. अशा वेळी रोमन लिपी हा न्यूनगंडातून मिळवलेला आडोसा ठरतो. या आडोशाला भाषाद्रोह म्हणण्याआधी तो कुणामुळे घ्यावा लागला हे विचारायला हवे.

दुसरा मार्ग आवाजी संदेशाचा. ही सोय व्हॉट्सॲपवर २०१३ मध्ये आली. तिच्यात लिपीची परीक्षाच नाही. म्हणून जे लोक गटात कधी अक्षर उमटवत नाहीत ते दीड-दीड मिनिट बोलतात. लिखित मजकूर तेवढा गोळा करणारा अभ्यास ही माणसे ‘निष्क्रिय सदस्य’ म्हणून बाजूला काढतो.

या संदर्भात परभणीच्या साहित्याचा विचार अप्रस्तुत ठरणार नाही. सातोन्याला जन्मलेले बी. रघुनाथ (१९१३–१९५३) निजामी राजवटीत मराठी लिहीत होते. इंद्रजित भालेराव यांच्या कवितेने इथल्या शेतीची बोली काव्यात आणली. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरीही एकूण ग्रामीण कथेची वहिवाट पाहिली तर बोली पात्रांच्या तोंडी आणि प्रमाणभाषा निवेदकाकडे, अशी वाटणी बहुधा दिसते. बोलीला अवतरणचिन्हांच्या आतच जागा होती. गटसंवादात ही चिन्हे गळून पडली आहेत. इथे बोलीत लिहिणारा स्वतःच निवेदक आहे. त्याला कुणी पात्र म्हणून हजर केलेले नाही. या लेखनाला वाङ्मयीन मूल्य आहे असा दावा मी करत नाही. पण बोलीतल्या निवेदनाची सवय इतक्या हातांना लागणे, ही पुढच्या लेखकाची तयारी असू शकते.

कर्ता नसलेले वाक्य

पुन्हा पावसाकडे येऊ. परभणीत १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले; आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेची हवामानावर आधारित सल्लापत्रिका आठवड्यातून दोनदा निघते आणि फोनवर पोचते. सल्ला शास्त्रीय, मोफत आणि मराठीत असतो. तिची क्रियापदे पाहावीत : फवारणी करावी, पाण्याचा निचरा करावा, काढणी पुढे ढकलावी. सगळे विध्यर्थी. कुणी करावी, हे त्यात नाही. सांगतो आहे कोण, हेही नाही.

गटात हा सल्ला आला की काही वेळ शांतता असते. मग एखादा लिहितो : ‘म्हंजी आता कोन्तं औषध मारावं?’ रूप तेच आहे, ‘मारावं’. पण सल्ल्यात आज्ञा असलेले रूप इथे प्रश्न झाले, आणि त्या प्रश्नाला कर्ता मिळाला : मी मारावं का? माझ्या रानात, माझ्या खर्चाने. यानंतरची चर्चा औषधाची, दुकानातल्या उधारीची, फवारणीच्या पंपाची असते. विद्यापीठाचा सल्ला खऱ्या अर्थाने गावात पोचतो तो या क्षणी. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यातला कापूस पोखरला, तेव्हापासून ‘बोंडअळी’ हा शब्द कोणत्याही गटात आला की पाठोपाठ प्रश्न येतात. शास्त्र आणि शेत यांमधले हे भाषांतर कुणी नेमून दिलेले नाही. ते बोलीत आपोआप होते.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सेलू तालुक्यातील गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे पावसाचे अंदाज राज्यभरच्या शेतकऱ्यांच्या गटांत फिरतात. ही प्रसिद्धी इतकी वाढली की २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने त्यांना परभणीतून उमेदवारी दिली. हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर प्रश्न उपस्थित केले आहेत. अंदाज खरे की खोटे हा माझा विषय नाही. ते ठरवायला आकडे लागतात आणि ते काम हवामानशास्त्राचे. माझा प्रश्न असा, की संदेशाच्या भाषेत असे काय आहे ज्यामुळे तो पुढे पाठवावासा वाटतो? तारखा नेमक्या असतात, जिल्ह्यांची नावे असतात, संबोधन थेट शेतकऱ्याला असते, आणि खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव, तालुका लिहिलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दप्रयोगात माझे गाव आहे की नाही हे कळत नाही. ‘मु. पो.’ असलेल्या माणसाला मात्र उद्या पाऊस न आल्यास नावाने बोलता येते, आणि गटांत लोक बोलतातही.

इथे एक सावधगिरी हवी. उत्तरदायी वाटणे आणि अचूक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नावगावासह सांगितलेले चुकू शकते आणि निनावी सल्ला बरोबर असू शकतो. परंतु विज्ञानाने आपली भाषा अशी ठेवली, की तिला प्रश्नच विचारता येऊ नये, तर लोक प्रश्न विचारता येईल अशा भाषेकडे वळतात. याचा दोष लोकांच्या अडाणीपणावर ढकलणे सोपे आहे, योग्य नाही.

कर्ता नसलेल्या वाक्याचा दबदबा या जिल्ह्यात जुना आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. उच्च शिक्षणासाठी १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. कचेरीतून येणारा कागद आपल्या बोलीत नसतो, तो कुणीतरी वाचून सांगायचा असतो आणि मुकाट पाळायचा असतो, ही सवय त्या काळाची. पुढे कागद मराठी झाला. ‘कळविण्यात येते’, ‘सूचित करण्यात येत आहे’ अशा मराठीने उर्दूची जागा घेतली, पण सामान्य माणसाचे अंतर तेवढेच राहिले.

अफवेचे व्याकरण

हे अंतर किती धोकादायक ठरू शकते याचे उदाहरण परभणीबाहेरचे आहे, पण ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक गटाला लागू पडते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात देशभर फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली.

कंपनीने संख्या रोखली. भाषेचा प्रश्न तसाच राहिला. अशा संदेशांचा ठरलेला घाट आपण सर्वांनी पाहिला आहे : ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की…’ ही सुरुवात, ‘टोळी सक्रिय झाली आहे’ हे मधले वाक्य, ‘जास्तीत जास्त गटांत पाठवा’ हा शेवट. ही बोली नाही. ही कचेरीची प्रमाण मराठी आहे, नेमकी तीच, जिला प्रश्न विचारायचा नसतो असे आपल्याला शिकवले गेले. कुणी कळवले, टोळी कुणी पाहिली, कधी पाहिली, हे ‘-ण्यात येते’ या रचनेत सांगावेच लागत नाही. अफवेला विश्वासार्हता लागते आणि ती तिने सरकारी व्याकरणातून उसनी घेतली आहे. शुद्धलेखनाच्या कसोटीवर हे संदेश पुष्कळदा उत्तीर्ण होतील. शुद्धिवादी टीकेचे अपुरेपण यापेक्षा स्पष्ट कशाने दाखवता येईल?

आता असा संदेश गावाच्या गटात पडल्यावर काय होते ते पाहावे. कुणीच काही बोलले नाही, तर तो तसाच पुढे जातो. पण एखाद्याने खाली ‘कोन म्हन्लं?’ असे दोन शब्द टाकले, की संवादाचा रंग पालटतो. टाकणाऱ्याला उत्तर द्यावे लागते : ‘मला बी आलता.’ ‘कुनाकडून?’ ‘मेव्हन्यानं पाठवला.’ ‘त्यानं पाह्यलं का?’ तीन-चार फेऱ्यांत ‘सर्व नागरिक’ नाहीसे होतात आणि एक मेव्हणा उरतो. कर्मणी वाक्याला कर्ता सापडला की अफवेचा जोर ओसरतो. हा प्रश्न प्रमाण मराठीत विचारता येणार नाही असे नाही. पण ‘या माहितीचा स्रोत काय?’ असे लिहिले तर तो मास्तरचा किंवा पोलिसाचा प्रश्न वाटतो आणि समोरचा दुखावतो. बोलीतला प्रश्न घरातला असतो. तो अडवतो, अपमान करत नाही.

बोलीला पावित्र्य बहाल करण्याचा माझा हेतू नाही. शिवी बोलीत अधिक धारदार असते, टोमणाही. ताणाच्या दिवसांत बोलीतला एक शब्द आग लावू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी रेल्वे स्थानकाजवळ संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि शहरात हिंसाचार उसळला, त्या दिवसांच्या आठवणी जिल्ह्यात ताज्या आहेत. असा ताण आला की अनेक ॲडमिन ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ अशी व्यवस्था करतात. काळजी समजण्यासारखी आहे. पण या उपायाने चिथावणीबरोबर ‘कोन म्हन्लं?’ विचारणाराही गप्प होतो, आणि माणसे मग ज्या गटांत सगळे एकाच मताचे असतात तिथे जाऊन बोलतात. तिथे हा प्रश्न विचारणारे कुणी नसते.

अभिवादने वेगळी, ‘हौ’ एकच

हे एकाच मताचे गट कसे ओळखायचे? पहिल्या शब्दावरून. ‘राम कृष्ण हरी’, ‘जय भीम’, ‘जय शिवराय’, ‘जय सेवालाल’, ‘सलाम’ : सकाळच्या अभिवादनावरून वारी, वस्ती, तांडा, मोहल्ला सांगता येतो. माणसे माहिती देण्यासाठी कमी आणि नाते राखण्यासाठी अधिक बोलतात, हे मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ मध्येच म्हटले होते. ‘शुभ सकाळ’च्या फुलांना हसणाऱ्यांनी ते विसरू नये. मात्र मिश्र गटात कोणत्या अभिवादनाला प्रत्युत्तर मिळते आणि कोणते अनुत्तरित राहते, ही बारीक नोंद ठेवली तर गावाची घडण जनगणनेपेक्षा वेगळ्या अंगाने कळते.

आणि अभिवादनापलीकडे गेले की वेगळेच चित्र दिसते. परभणीचा मराठी बोलणारा होकार देताना ‘हौ’ म्हणतो, दखनी बोलणाराही ‘हौ’च म्हणतो. दखनीतले ‘नक्को’ मराठी ‘नको’चे आणि जोर देणारा ‘च’ही मराठीचा. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडविषयी प्रसिद्ध केलेला निबंध इथे आठवतो. शतकानुशतकांच्या शेजारामुळे तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे. शब्द तेवढे प्रत्येकाने आपापले जपले होते. आपण कोण, हे सांगण्यासाठी शब्द. एकत्र व्यवहार करण्यासाठी व्याकरण. परभणीच्या गटांत आज अभिवादने वेगळी होत चालली आहेत आणि बाजारभाव, पाणी, एस.टी. यांबद्दलचे बोलणे अजून एकाच व्याकरणात चालते. यातले पहिलेच तेवढे मोजणारा अभ्यासक दुहीचा निष्कर्ष काढील, दुसरेच पाहणारा भाबडा ठरेल.

वाचून गप्प

गावाच्या गटात बायकांचे क्रमांक असतात, संदेश फारसे नसतात. निळ्या खुणा सांगतात की वाचले आहे. या गप्प राहण्याला ‘सहभाग नाही’ म्हणायचे का? माझे उत्तर नकारार्थी आहे, कारण हेच आवाज दुसरीकडे ऐकू येतात. बचत गटाच्या गटात त्याच बाया ‘अगं माय’, ‘आक्का’, ‘ऐकलं का वो’ असे मनमोकळे बोलतात, बहुधा आवाजी संदेशांत, कारण हात कामात असतो. आणि जे कुठेच बोलता येत नाही ते ‘स्टेटस’वर येते. स्टेटसवरचे वाक्य कुणालाच उद्देशून नसते. पण ज्या जावेला, सासूला, माहेरच्या भावाला ते पोचायचे त्याला बरोबर पोचते. पाश्चात्त्य संशोधक अशा आडून बोलण्यासाठी नवनव्या संज्ञा घडवतात. मराठीला ही गोष्ट केव्हाची माहीत आहे : लेकी बोले सुने लागे.

याची परंपराही घरचीच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक आज ‘पारी’च्या संग्रहात ऐकता येतात. समोर बोलता न येणारे दळताना बोलायचे, दुसरीने त्याला जोड द्यायची आणि कर्ता अनाम ठेवायचा, ही त्या ओवीची रीत. इथे माझ्या विधानाला एक मुरड घालावी लागते. अफवेतला अनाम कर्ता दुसऱ्याला इजा करून लपतो. ओवीतला आणि स्टेटसवरचा अनाम कर्ता इजा होऊ नये म्हणून लपतो. व्याकरण सारखे, सत्तेची बाजू उलटी. म्हणून कर्ता नाही एवढ्यावर न थांबता, तो लपल्याने कुणाला संरक्षण मिळते हे पाहावे लागते. गंगाखेडच्या जनाबाईने देवाला एकेरीत हाक मारली. तो अधिकार तिला अभंगात होता. यादवकाळातल्या चावडीवर तिला कुणी बोलू दिले असते का?

पुढे काय

या विवेचनातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. कृषी सल्ल्याच्या खाली सांगणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आणि ‘तुमच्या रानात काय दिसते?’ असा एक प्रश्न देण्याला खर्च नाही. तो सल्ला बोलीत आवाजी स्वरूपात देणेही अवघड नाही. शाळेत ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न विद्यार्थी वर्षानुवर्षे सोडवतात. त्यात फोनवर आलेला एखादा ‘कळविण्यात येते’ छापाचा संदेश देऊन ‘यातला कर्ता शोधा, सापडत नसेल तर का सापडत नाही ते लिहा’ असे विचारले, तर व्याकरणाचा तास कामी येईल. आमच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच गावाच्या संवादाच्या नोंदी, सर्व सदस्यांच्या संमतीने आणि नावे गाळून, ठेवायला सांगाव्यात. दहा वर्षांपूर्वी ही सामग्री नव्हती. फोन बदलला की ती पुसली जाते, तेव्हा दहा वर्षांनी आजची असणार नाही.

समीक्षेने करायची गोष्ट त्याहून साधी आहे. ‘बिघडलेली मराठी’ हा शब्दप्रयोग तिने काही काळ बाजूला ठेवावा आणि संदेशाखालचे उत्तर वाचायला सुरुवात करावी. तूर्त माझ्या वहीत दोन रकाने आहेत : ज्या संदेशांना ‘कोन म्हन्लं?’ असे कुणीतरी विचारले ते एका बाजूला, आणि ज्यांना कुणीच विचारले नाही ते दुसऱ्या बाजूला. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा बराच लांब आहे, आणि त्यातले शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष आहे.